ठरलेलं वळण की निवडलेलं?

"फॉन्ट बदलायचाच कशाला?" सरांनी विचारलं.

टेबलावर त्यांच्या संख्यासिद्धांतावरच्या पुस्तकाची तीन मुद्रितं होती. पान तेच, समीकरणं तीच, फक्त अक्षरांचं वळण तिन्हींत वेगळं. सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांना द्यायच्या टिपणवह्या, सगळं त्यांनी लाटेकमध्ये केलं आणि लाटेक जी अक्षरं आपणहून देतं त्यांतच केलं. समोर बसलेली मांडणीकार ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पदवीनंतर ती गणिताकडून पुस्तकांच्या जुळणीकडे वळली. सरांचं पुस्तक मराठीत काढायचं ठरलं, काम तिच्याकडे आलं आणि वाद सुरू झाला.

लाटेकमध्ये वर्डसारखी फॉन्टांची यादी डोळ्यांसमोर नसते. लेखक साध्या मजकुरात आज्ञा लिहितो. हे प्रकरण, हे प्रमेय, ही तळटीप. ओळी कुठे तोडायच्या, समीकरण कसं बसवायचं, हे मागची टेक प्रणाली ठरवते. फॉन्टबद्दल काहीच सांगितलं नाही तर 'कम्प्युटर मॉडर्न' किंवा त्याच्याच कुळातला फॉन्ट मिळतो. गणिताचा किंवा भौतिकीचा शोधनिबंध चार हातांवरून ओळखू येतो तो त्यामुळेच.

"हा फॉन्ट काही कुणी आयत्या वेळी उचलून ठेवलेला नाही," सर म्हणाले. त्यांना हा इतिहास पाठ आहे. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या हाती 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. आधीची आवृत्ती मोनोटाइपच्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. नवी फोटो-अक्षरजुळणीची होती, आणि ती त्यांना मुळीच पसंत पडली नाही. मग त्यांनी जुळणीसाठी टेक आणि अक्षरं रेखाटण्यासाठी मेटाफॉन्ट अशा दोन प्रणाली स्वतः लिहिल्या. कम्प्युटर मॉडर्नचा आदर्श होता आधीच्या खंडांतलं मोनोटाइपचं 'मॉडर्न ८ए' हे वळण. रेघांची जाडी, अक्षराची रुंदी, टोकांची गोलाई अशी ६२ मापं बदलली की त्याच आराखड्यातून वेगळा फॉन्ट निघतो. इंग्रजी 'एस'च्या एका वळणावर नूथ यांनी १९८० मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

"आणि पाच पॉइंटांचं अक्षर म्हणजे दहा पॉइंटांचं दाबून लहान केलेलं नव्हे," सर पुढे म्हणाले. "पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, बारा, सतरा, प्रत्येक मापाचं रेखाटन निराळं आहे. घाताच्या डोक्यावर घात आला की तिथलं अक्षर रुंद हवं, रेघ भरीव हवी. माझ्या पुस्तकात फर्मा संख्या आहेत. दोनचा घात, त्या घातात पुन्हा दोन आणि त्यावर एन. तुझा फॉन्ट तो एन नीट दाखवणार आहे का, ते सांग."

तिनं हे सगळं मान्य केलं. "तुमच्या समीकरणांना मी अजून हातच लावलेला नाही, सर. मुद्दा मराठीचा आहे. कम्प्युटर मॉडर्नमध्ये 'क' नाही."

वाद खरा इथून सुरू होतो. लाटेकच्या आयत्या फॉन्टांत देवनागरी अजिबात नाही. टेकच्या 'झीटेक' या युनिकोड वाचणाऱ्या रूपावर मराठी मजकूर टाकला आणि फॉन्ट सांगितला नाही, तर काम बिनतक्रार पार पडतं, पीडीएफ तयार होते आणि पान कोरं येतं. अमुक अक्षर या फॉन्टात नाही, ही नोंद वर्षानुवर्षं फक्त लॉग फाइलच्या पोटात जात असे. अशा वेळी चूक दाखवून काम थांबवण्याची सोय २०२१ मध्ये आली. ठरलेल्या फॉन्टवर समाधान मानण्याची मुभा इंग्रजीत लिहिणाऱ्याला आहे. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीपासून निवड करावीच लागते. सरांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं होतं, पण त्यांनी ते इतक्यात स्वीकारलं नाही.

टेकमध्ये देवनागरी आणण्याची धडपड जुनी आहे. पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांचं अक्षररेखाटन आणि जुळणी यांवरचा अहवाल स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९८३ मध्ये काढला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रेखाटली. तिथे मजकूर रोमन खुणांनी लिहायचा, तो आधी एका वेगळ्या प्रोग्रॅममधून काढायचा आणि मग टेककडे द्यायचा. संस्कृतच्या अभ्यासकांनी या वाटेनं पुष्कळ ग्रंथ जुळवले. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं. त्याला युनिकोड मजकूर आणि संगणकावरचे फॉन्ट थेट वाचता येत होते. विल रॉबर्टसन यांच्या 'फॉन्टस्पेक' पॅकेजमुळे फॉन्ट बदलणं दोन ओळींचं काम झालं.

"मग झालं की!" सर म्हणाले. "दोन ओळी लिही आणि मोकळी हो. एवढे दिवस कसली तुलना चालली आहे?"

तिनं पहिलं मुद्रित पुढे सरकवलं. फॉन्ट चांगला, पण त्याला लिपी सांगितलेली नव्हती. वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे लोंबत होत्या आणि 'सिद्धांत'मधल्या द-धची गाठ सुटून मध्ये हलन्ताचा पाय उघडा पडला होता. फॉन्टस्पेकला 'स्क्रिप्ट' म्हणून देवनागरी असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर अक्षरं येतात, पण ती जोडण्याचे फॉन्टातले नियम लागू होत नाहीत.

दुसऱ्या मुद्रितात हे दुरुस्त झालं होतं. सरांनी ते वाचलं, मान डोलावली. तिनं पेन्सिलीनं दोन शब्दांना गोल केला, 'लसावि' आणि 'शेष'. सरांच्या पुस्तकात हे पानोपानी येतात. दोन्हींची पहिली अक्षरं हिंदी वळणाची होती. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. अनेक फॉन्टांत ही रूपं असतात, पण आत ठेवलेली. 'लँग्वेज' म्हणून मराठी लिहिलं तरच ती बाहेर येतात.

"मुलं दोन्ही वाचतात," सर म्हणाले.

"वाचतात, सर. पण मराठी पुस्तकात मराठी वळण मिळायला हवं, आणि तेही एक शब्द लिहून मिळत असेल तर सोडायचं कशाला? आता हे बघा, 'दुसऱ्या घाताचं समीकरण'. काही फॉन्टांत इथला अर्धा र नीट बसतच नाही. तो डोक्यावर गेला, तर दऱ्यांचा दर्या होतो."

इथे बाजू मांडणीकाराचीच खरी आहे, आणि ती मोघमपणे सांगण्याचं कारण नाही. हिंदी वळणाचा ल छापला गेला तर संगणक तक्रार करत नाही, मुद्रितशोधकाच्याही नजरेतून तो सहज सुटतो, कारण शुद्धलेखन बरोबरच असतं. ती चूक अडवायची तर फॉन्ट निवडतानाच अडवावी लागते.

तिसरं मुद्रित 'शोभिका'त होतं. हा फॉन्ट मुंबईच्या आयआयटीतल्या 'संधि' या विज्ञान-वारसा उपक्रमातून आला. देवनागरी अक्षरांचा पाया राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'चा, रोमन अक्षरांचा पाया पॅराटाइपच्या 'पीटी सेरिफ'चा. देवनागरीची सोळाशेहून अधिक रूपं त्यात आहेत आणि अकराशेवर जोडाक्षरं. वैदिक स्वरचिन्हंही आहेत. संस्कृत गणितग्रंथांवर काम करणाऱ्याला याहून सोयीचं साधन मिळणं अवघड. सरांनी तिसऱ्या प्रकरणात 'लीलावती'चे संदर्भ दिले होते, त्यामुळे हा मुद्दा त्यांना लगेच पटला.

पण त्यांची नजर भलत्याच ठिकाणी अडली. पान हातभर लांब धरून ते म्हणाले, "मराठी काळी दिसते आहे. समीकरणं फिकट."

तिला हेच दाखवायचं होतं. कम्प्युटर मॉडर्नच्या बारीक रेघा फार बारीक आहेत. जुन्या प्रिंटरवर शाई पसरून त्या थोड्या भरत. १९९७ मध्ये या फॉन्टांची बाह्यरेषांवर बेतलेली आवृत्ती सर्वांना मोफत खुली झाली, आणि आजच्या छपाईत व पडद्यावर त्या बारीक रेघा आहेत तितक्याच बारीक उमटतात. शेजारी शिरोरेषेची देवनागरी आली की एकाच ओळीत दोन रंग दिसतात. मराठी छपाईची नजर तयार झाली ती जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या ठसठशीत खिळ्यांवर, त्यामुळे फिकट देवनागरी शोधून तोल साधणं हा उपाय इथे फारसा टिकत नाही.

"मग गणिताचा फॉन्ट बदलते," ती म्हणाली.

"अजिबात नाही," सर म्हणाले.

त्यांचा विरोध हटवादी नव्हता. मजकुराला फॉन्टकडून अक्षरं, त्यांची मापं आणि जोडण्याचे नियम मिळाले की भागतं. गणिताला त्याहून बरंच लागतं. घात किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ कुठे मारायची, वर्गमुळाच्या छपराची जाडी किती, हे सगळं फॉन्टनंच सांगायचं असतं. टेकच्या मूळ रचनेत चिन्हांच्या फॉन्टकडून अशी २२ मापं आणि मोठ्या चिन्हांच्या फॉन्टकडून १३ मापं मागितली जातात. ही मापं देणारे फॉन्ट दीर्घकाळ मोजकेच होते. म्हणून अनेकांनी 'टाइम्स' पॅकेज लावून फक्त मजकूर बदलला. मग एकाच वाक्यातला साधा पाच टाइम्समध्ये आणि समीकरणातला पाच कम्प्युटर मॉडर्नमध्ये, अशी पानं निघाली. सरांनी अशी शेकडो पानं तपासली होती आणि त्यांचा राग तिथला होता.

"तो राग बरोबर आहे," ती म्हणाली, "पण दुरुस्ती करून झाली आहे." २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'कॅम्ब्रिया मॅथ' आणला, आणि गणिताची मापं ओपनटाइप फॉन्टातच एका तक्त्यात ठेवण्याची रीत पडली. झीटेक आणि टेकचंच दुसरं नवं रूप लुआटेक तो तक्ता वाचतात. 'युनिकोड-मॅथ' पॅकेजमध्ये गणिताचा फॉन्टही एका ओळीत सांगता येतो. लॅटिन मॉडर्न मॅथ, स्टिक्स टू मॅथ, लिबर्टिनस मॅथ, टेक जायर कुळातले फॉन्ट, असे बरेच पर्याय आता मोफत आहेत.

मग तिनं सरांच्याच कपाटातलं एक पुस्तक मागितलं. ग्रॅहम, नूथ आणि पटाश्निक यांचं 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स', १९८९. सरांनी ते आयुष्यभर शिकवलं. त्यातलं गणित हर्मन झाफ यांच्या 'ऑयलर' फॉन्टात आहे, हाताने फळ्यावर लिहिल्यासारखं, उभं. ऑयलरच्या भरीव रेघांपुढे कम्प्युटर मॉडर्न फिकट पडतो हे नूथ यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आपल्याच आराखड्यातली मापं बदलून मजकुरासाठी 'काँक्रीट रोमन' हे नवं, जाड वळण तयार केलं.

"बघा," ती म्हणाली, "दोन फॉन्टांचा रंग जुळेना, तेव्हा ज्यांनी ठरलेला फॉन्ट केला त्यांनीच तो बाजूला ठेवला."

सर पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "पण त्यांनी गणित आधी ठरवलं आणि मजकूर त्याला जुळवला. तू उलटं करते आहेस."

हा मुद्दा नेमका होता आणि तिच्याकडे त्याला तयार उत्तर नव्हतं. थोडं थांबून ती म्हणाली, "मराठी पानावरची बहुतेक शाई देवनागरीची असते. पानाचा रंग तीच ठरवते. आणि देवनागरी मला माप बदलून हवी तशी जाड-बारीक करता येत नाही. गणिताच्या फॉन्टांत निवडायला वाव आहे, म्हणून बदल तिथे करायचा." सरांनी हे तर्क म्हणून मान्य केलं, तत्त्व म्हणून नाही. त्यांच्या मते हाताशी मेटाफॉन्टसारखं मराठी साधन असतं तर मजकूरच जुळवायला हवा होता. असं साधन मराठीला मिळावं, ही त्यांची इच्छा योग्यच आहे.

मग त्यांनी परीक्षा घेतली. कागदावर चिन्हं लिहिली आणि प्रत्येक पर्यायी फॉन्टात ती जुळवून मागितली. ग्रीक न्यू आणि इंग्रजी तिरपा व्ही शेजारी शेजारी, कारण कित्येक फॉन्टांत ही दोन अक्षरं जुळी भावंडं वाटतात. भाग जातो ही उभी रेघ आणि भाग जात नाही ही आडवी काट मारलेली रेघ. शेषसमतेच्या तीन रेघा. लजांद्र चिन्ह, म्हणजे कंसातला अपूर्णांक, आणि तो कंस अपूर्णांकापेक्षा फार उंच वाढता कामा नये. शेवटी फर्मा संख्या. ओपनटाइपमध्ये घातातल्या लहान अक्षरांसाठी निराळी रूपं देण्याची सोय आहे, पण प्रत्येक फॉन्ट ती पुरवतोच असं नाही, म्हणून हे छापूनच पाहावं लागतं. शेवटी सरांनी 'स्टिक्स टू'वर बोट ठेवलं. वैज्ञानिक प्रकाशन करणाऱ्या संस्थांनी १९९५ पासून एकत्र येऊन जी चिन्हसंपदा उभी केली तिची ही पुढची पिढी. तिची रेघ शोभिकाच्या शेजारी फिकी पडत नव्हती.

अंकांचा निकाल सरांनी झटकन लावला. पृष्ठक्रमांक, साल, प्रकरणाचा आकडा देवनागरीत. गणितात भाग घेणारा प्रत्येक अंक आंतरराष्ट्रीय चिन्हांत आणि गणिताच्याच फॉन्टात, मग तो वाक्याच्या मधोमध का येईना.

तिरप्या अक्षरांवर मात्र एकमत झालं नाही. लाटेक प्रमेयाचं विधान आपणहून तिरपं छापतं. शोभिकात साधा आणि ठळक असे दोनच प्रकार आहेत. तिरपा मागितला की लाटेक उभं अक्षर देतं आणि सूचना लॉगमध्ये टाकतं. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टात तिरपा आहे, पण ठळक नाही, म्हणजे शीर्षकांची अडचण. सरांनी फॉन्टस्पेकची कृत्रिम तिरपेपणाची सोय सुचवली. तिनं ती लगेच करून दाखवली. प्रत्येक काना कलला होता, शिरोरेषा मात्र आडवीच राहिली होती आणि तिच्यावरच्या मात्रा पुढच्या अक्षरावर झुकल्या होत्या.

"मराठीत विधान उठून दिसावं म्हणून आपण ठळक करतो किंवा अवतरणात घालतो," ती म्हणाली. "तिरपं ही रोमनची रीत आहे."

"पण प्रमेय कुठे संपलं हे वाचकाला कळायला हवं."

त्यासाठी तिनं प्रमेयाचा समास दोन्हीकडून आत घेतला, 'प्रमेय' हा शब्द ठळक केला आणि सिद्धतेच्या शेवटी चौकोन ठेवला. सर म्हणाले, चालेल. त्यांना ते आवडलेलं नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण कललेल्या कान्यांच्या त्या पानाशेजारी ठेवून पाहिलं तर तिचीच मांडणी वाचायला सोपी आहे.

सरांचा सर्वांत भक्कम आक्षेप त्यांनी शेवटी काढला. नूथ यांनी १९९० मध्ये जाहीर केलं की टेकमध्ये यापुढे चुका दुरुस्त करण्यापलीकडे काही बदलणार नाही. तेव्हापासून आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे सरकतो आहे, एका वेळी एक दशांश स्थळ. जुनी फाइल आज चालवली तरी ओळी तिथेच तुटाव्यात, हा त्यामागचा हेतू. "तुझ्या शोभिकाची नवी आवृत्ती आली, एखाद्या जोडाक्षराची रुंदी केसभर बदलली, की माझी सूची कोलमडली. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना कोण निस्तरणार?"

हे तिच्या मनात आधीपासून होतं. तिनं पुस्तकाच्या फोल्डरमध्येच फॉन्टांच्या फाइली ठेवल्या होत्या आणि फॉन्ट नावानं न मागवता फाइलच्या नावानं, मार्ग देऊन मागवले होते. संगणकावर दुसरी आवृत्ती असली तरी पुस्तक आपल्याच फोल्डरातली वापरणार. शोभिका आणि स्टिक्स टू दोन्ही मुक्त फॉन्ट परवान्याखाली असल्यामुळे त्यांच्या प्रती पुस्तकाच्या फाइलींबरोबर देण्याला आडकाठी नाही. विकत घेतलेल्या फॉन्टच्या बाबतीत ही परवानगी गृहीत धरता येत नाही, परवाना वाचूनच ठरवावं लागतं.

सरांनी त्यात एक भर घातली. मुद्रणश्रेयाच्या पानावर फॉन्टांची नावं आणि आवृत्ती क्रमांक छापायचे. तिनं ते तिथल्या तिथे लिहून घेतलं.

राहिलं ओळींमधलं अंतर. लाटेक दहा पॉइंटांच्या अक्षराला बारा पॉइंटांची ओळ देतं. 'उद्धृत'मधला ऋकार खाली उतरतो, पुढच्या ओळीतला 'र्की' डोकं वर काढतो, आणि बारा पॉइंटांत दोघं एकमेकांना भिडतात. तिला पंधरा पॉइंट हवेत. सरांचा हिशेब असा की त्यानं पानं वाढतील, किंमत वाढेल आणि विद्यार्थी पुस्तक झेरॉक्स करतील. ती चौदावर यायला तयार आहे, सर साडेतेरावर अडले आहेत. छापखान्याकडून कागदाचा भाव आला की दोघं पुन्हा बसणार आहेत.